प्रत्येक घाण्यातली एक बाटली

मी पाच वर्षं माश्यांना जेवायला घालत होते, असं सांगितलं की आमच्या साताऱ्याकडची माणसं आधी हसतात आणि मग जरा काळजीनं बघतात. पीएच.डी. म्हणजे पांढरा कोट घालून मोठ्या यंत्राशेजारी उभं राहणं, अशी त्यांची समजूत. वडिलांनी तर शेजारीपाजारी 'जीवशास्त्रात संशोधन' एवढंच सांगून ठेवलं होतं. माशी हा शब्द त्यांनी उंबऱ्याबाहेर पडू दिला नाही. बाटली तर त्याहून नाही, कारण मी फोनवर रोज 'आज बाटल्या बदलायच्यात, उद्या बाटल्या मोजायच्यात' असं बोलायचे आणि आई म्हणायची, अगं, हळू बोल.

माश्या म्हणजे केळी पिकून काळी पडली की त्यांच्यावर भुणभुणतात त्या, तिळाएवढ्या. बेंगळुरूच्या एका विद्यापीठात जीवशास्त्राच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमची लॅब होती. तिथे त्या बोटभर उंचीच्या काचेच्या बाटल्यांत राहायच्या. बाटलीच्या तळाशी दोन बोटं घट्ट अन्न आणि तोंडाशी कापसाचा बोळा. माझा प्रयोग आयुर्मानाचा होता. एक विशिष्ट जनुक बिघडलेली माशी इतरांपेक्षा जास्त जगते का, एवढाच प्रश्न. त्याचं उत्तर द्यायचं तर माशी मरेपर्यंत थांबावं लागतं आणि ती निवांत अडीच-तीन महिने जगते. दर तिसऱ्या दिवशी सगळ्यांना ताज्या अन्नाच्या बाटल्यांत हलवायचं, मेलेल्या मोजायच्या, वहीत लिहायचं. रविवार नाही, गणपती नाही, चुलतभावाचं लग्नसुद्धा नाही. मी माश्यांपायी तीन लग्नं बुडवली. चौथ्याचं बोलावणंच आलं नाही.

अन्न खाली शिजायचं. तळमजल्यावर, स्कूटर लावायच्या जागेच्या मागे, एक लांबट खोली होती. दारावर इंग्रजीत कसलंसं भारदस्त नाव होतं, पण सगळे किचनच म्हणायचे. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि अगर; अगर म्हणजे आपण जेली करायला आणतो ते चायना ग्रास. हे सगळं मोठ्या पातेल्यात शिजवायचं, कोमट झालं की बुरशी न येण्याचं औषध घालायचं आणि शेकडो बाटल्यांत ओतायचं. पिठाची पोती होसकोट्याकडच्या गिरणीतून यायची. शिजताना जो वास सुटायचा, तो शिऱ्याचाही नव्हे आणि आंबोळीचाही नव्हे, मधलाच काहीतरी. पहिल्या आठवड्यात मला त्या वासानं मळमळायचं, नंतर नंतर भूक लागायला लागली.

ते किचन अक्का चालवायच्या. वय पन्नाशीच्या पुढे, हातावर पातेल्याच्या चटक्यांचे जुने डाग, केसात नेहमी कनकांबराचा, म्हणजे आपल्या अबोलीच्या गजऱ्याचा, इवलासा तुकडा. इमारतीत प्राध्यापकांपासून रखवालदारापर्यंत सगळे त्यांना अक्का म्हणायचे. पहिल्या दिवशी मी मोडक्या हिंदीत बाटल्या मागत होते, तेवढ्यात आईचा फोन आला. मी दोन वाक्यं बोलले असेन, तर अक्का झारा हातात तसाच धरून म्हणाल्या, "तू मराठी की काय गं? मग ते हिंदी कशाला मारतीस मघापासून?"

त्यांचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी कधीतरी मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे आलेलं. त्यांनी महाराष्ट्र पाहिलेला नव्हता. त्यांची मराठी घरातली, पुढे कुठे न गेलेली आणि मधे मधे कन्नड पेरलेली. 'स्वल्प थांब' म्हणजे जरा थांब, 'सरी, घेऊन जा' म्हणजे बरं, घेऊन जा. मला सुरुवातीला ती ऐकून हसू यायचं आणि माझी ऐकून त्यांना. मी 'ॲक्च्युअली' म्हटलं की त्या म्हणायच्या, "हे तुमच्या साताऱ्याचं मराठी काय?" त्या के. आर. पुरमहून बसनं यायच्या, मी मारतहळ्ळीला बहिणीकडे राहायचे. दुपारी त्यांचं चित्रान्न, म्हणजे लिंबू पिळलेला फोडणीचा भात, आणि माझी शेंगदाण्याची चटणी, असं आमचं किचनच्या पायरीवर जमायला लागलं. बाटल्या नेताना रजिस्टरात सही करायचा नियम होता. माझ्याकडून त्यांनी ती कधी मागितली नाही. "तू कुठं पळून जाणार आहेस," म्हणायच्या.

एका वेळच्या शिजवण्याला अक्का घाणा म्हणायच्या. त्यांची एक पद्धत होती, जी कुठल्याही नियमावलीत लिहिलेली नव्हती. प्रत्येक घाण्यातली एक बाटली त्या बाजूला काढायच्या, तिच्यावर कन्नडमध्ये तारीख लिहायच्या आणि ती फळीवर उलटी उभी करायच्या. सकाळी आल्या की आधी तिच्याकडे बघायच्या. अन्न खाली घसरलं नसलं, तर घाणा चांगला. तो घाणा वापरून संपला की ती बाटली धुऊन टाकायची. अन्न पातळ झालं तर माश्या त्यात रुतून मरतात, आणि अक्कांचा घाणा घसरलेला मी तरी कधी पाहिला नव्हता.

आणखी एक नियम सांगायला हवा. हा मात्र माश्यांवर काम करणाऱ्या जगातल्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी शिकवतात. माश्या निवडायच्या-मोजायच्या असतील तर त्यांना वायू देऊन झोपवतात. झोपलेल्या माश्या नव्या बाटलीत टाकल्या की ती बाटली आडवी ठेवायची. त्या काचेवर पडून राहतात, पाच-दहा मिनिटांनी उठतात, चालायला लागतात, मगच बाटली उभी करायची. आधीच उभी केली तर त्या थेट खालच्या ओलसर अन्नावर पडतात, पंख चिकटतात, संपलं. मी हे माझ्यानंतर आलेल्या सगळ्यांना शिकवलेलं आहे, तेही चांगलं डाफरून. माझा राग नाकावर असतो. आई म्हणते, हिला आधी राग येतो आणि कारण मागाहून सापडतं.

तर चौथ्या वर्षाच्या फेब्रुवारीत विद्यापीठाची पाहणी करायला बाहेरची समिती येणार होती. समिती येणार म्हणजे काय, ते ज्यांनी सरकारी इमारतीत दिवस काढलेत त्यांना सांगायला नको. जिन्यातल्या कोपऱ्यांना रंग लागला. दोन वर्षं बंद असलेला दिवा एका तासात दुरुस्त झाला. कॉरिडॉरमध्ये कुंड्या आल्या आणि समिती गेल्यावर त्या जिथून आल्या तिथे गेल्या. आमच्या गाईड मॅडम मितभाषी आणि शांत, त्यासुद्धा त्या आठवड्यात दोनदा कपाटं उघडून बघून गेल्या.

माझा प्रयोग तेव्हा चाळिशी ओलांडून गेला होता, म्हणजे माश्यांचे चाळीस दिवस. एरवी या प्रयोगात माश्यांना झोपवत नाहीत, पण समिती यायची त्याच दिवशी मधली मोजणी होती, काही माश्या बाजूला काढायच्या होत्या. म्हातारी माशी झोपेतून उठायला बराच वेळ लावते. मी पाठोपाठ तीन ट्रे उरकले, बाटल्या टेबलावर आडव्या लावल्या आणि हात पुसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रे काढला आणि एकेक बाटली उजेडात धरली. बाटलीमागून बाटली तशीच. माश्या अन्नात रुतलेल्या, पंख पसरलेले, पाय वर. चारातली एखादी कशीबशी जिवंत, तीही सरपटत. चाळीस दिवस गेले होतेच, पण त्याआधीचे सहा महिने त्या माश्यांचा वंश तयार करण्यात गेले होते. माझी शिष्यवृत्ती ऑगस्टमध्ये संपणार होती. मी तिथल्या स्टुलावर बसून रडले आणि रडणं संपायच्या आत मला राग आला.

माश्या अन्नात रुतल्या, म्हणजे अन्न पातळ. एवढं सरळ होतं ते माझ्या डोक्यात. बाटली उलटी करून बघायचंही मला सुचलं नाही. मी तडक खाली गेले. अक्का पोतं फोडत होत्या. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, जेवढं आठवतं तेवढं लिहायची इच्छा नाही. अगर मोजताना लक्ष कुठे असतं, हे नक्की बोलले. त्या म्हणाल्या, "स्वल्प थांब, बस तरी." मी बसले नाही. वर आले आणि दहा मिनिटांत मेल लिहिला. किचनची देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांना, आणि सोबत विभागातल्या सगळ्या प्राध्यापकांना. त्यात 'अन्न बनवणाऱ्या व्यक्तीचा निष्काळजीपणा' असे शब्द होते. पाठवून झाल्यावर मला बरं वाटलं, हेही खरंच आहे.

त्याच घाण्यातलं अन्न आणखी तीन लॅबनी नेलं होतं आणि त्यांची काही तक्रार नव्हती. शेजारच्या लॅबमधल्या मैत्रिणीनं मला ते सांगितलंही. मी म्हटलं, तुमच्या माश्या तरुण आहेत, त्या निसटत असतील. बोलायला लागले की मला उत्तरं कमी पडत नाहीत.

अक्का विद्यापीठाच्या नोकरीत नव्हत्या. दर वर्षी मार्चमध्ये त्यांचं कंत्राट नवं व्हायचं, असं एकोणीस वर्षं चालू होतं. नवरा रंगकाम करायचा, तो दम्यानं घरी बसलेला, घर यांच्यावर. आणि त्या वर्षी किचनच्या समितीत आधीच एक टूम निघाली होती की तयार पावडर विकत आणावी, यंत्रात पाणी घालून ढवळावी, मग स्वतंत्र बाई कशाला. नेमकं कारण मिळत नव्हतं, ते मी लिहून दिलं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात बैठक होती आणि माझा मेल तिच्या कागदपत्रांत लागला, हे मला अधिकाऱ्यांनीच कौतुकानं सांगितलं. "तुम्ही फार स्पष्ट लिहिलंत," म्हणाले.

माझंही काम झालं. मॅडमनी माझ्या शिष्यवृत्तीला सहा महिन्यांची मुदतवाढ मागितली, कारण लिहिलं, किचनच्या अन्नातल्या दोषामुळे प्रयोग वाया गेला. मंजुरीचं पत्र पंधरा दिवसांत आलं. एवढ्या लवकर तिथे टेबलाचा दिवासुद्धा बदलत नाहीत.

मी प्रयोग पुन्हा सुरू करायला बाटल्या आणायला खाली गेले, तर अक्कांनी रजिस्टर पुढे केलं. "सही करा, मॅडम." मी सही केली. चित्रान्नाचा डबा त्या आता आतल्या टेबलावर उघडायच्या. मी मनात म्हटलं, चूक यांची आणि फुगून बसल्यात याच. पण चटणीची डबी मी बॅगेतून काढेनाशी झाले.

बैठकीच्या तीन दिवस आधीची गोष्ट. विभागाच्या कॉरिडॉरमध्ये, लिफ्टजवळ, समितीच्या भेटीचे फोटो मोठे करून लावले होते. एका फोटोत आमची लॅब होती. मॅडम काहीतरी समजावतायत, समितीतले एक गृहस्थ चष्मा कपाळावर सरकवून वाकलेत आणि मी शेजारी हसत उभी. माणूस आधी काय बघणार, मी माझे केस बघितले. मग ड्रेस बघितला. मग टेबल.

टेबलावर माझे तीन ट्रे होते. बाटल्या एका ओळीत, एका उंचीत, शाळेतल्या प्रार्थनेला उभ्या राहिल्यासारख्या. उभ्या.

मी फोनवर त्याचा फोटो काढला आणि तो मोठा करून बघितला. प्रत्येक बाटलीच्या तळाशी, अन्नावर, मधोमध एक काळपट ठिपका होता. लिफ्टपाशी येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही तो नुसता ठिपका वाटला असता. माश्यांवर काम करणाऱ्याला तो वाचता येतो. त्या झोपलेल्या माश्या होत्या.

मग सगळं आठवलं. मी हात पुसत होते, मॅडम दारातून डोकावून म्हणाल्या होत्या, ते आले, टेबल जरा आवर. आडव्या पसरलेल्या बाटल्या गबाळ्या दिसत होत्या. मी त्या दोन्ही हातांनी भराभर उचलून ट्रेमध्ये उभ्या केल्या, लेबलं पुढे करून. फोटोसाठी. त्या क्षणापर्यंत माझी आठवण 'बाटल्या आडव्या ठेवल्या' इथेच थांबत होती, आणि ते खोटं नव्हतं. ठेवल्या होत्याच. पुढचं माझ्या हातांनी केलं आणि डोक्याला कळवलं नाही.

आता मी लगेच धावत गेले, असं लिहायला आवडलं असतं. मी दोन दिवस गप्प बसले. लिफ्टऐवजी जिन्यानं चढले. हिशेब मांडत राहिले की मुदतवाढ अन्नाच्या दोषावर मिळालीय, ती गेली तर ऑगस्टनंतर काय, घरी काय सांगायचं. वडील निवृत्त झालेले. फोटोतला ठिपका कुणाला दिसणारही नाही. आणि अक्कांचं काम तसंही जाणारच असेल, पावडर यायचीच आहे, माझ्यामुळे थोडंच, असंही मी स्वतःला सांगून पाहिलं. बहिणीनं विचारलं, तुझं पोट बिघडलंय का? मी हो म्हटलं.

बैठकीच्या आदल्या दिवशी मी बाटल्या आणायला खाली गेले. अक्का नव्या घाण्याच्या बाटल्या ओतत होत्या. ओतून झाल्यावर त्यांनी नेहमीसारखी एक बाजूला काढली, तारीख लिहिली, थंड झाल्यावर उलटी करायला म्हणून फळीवर ठेवली. दोन दिवसांनी या किचनमध्ये आपण असू की नाही हे माहीत नसलेली बाई ते करत होती. मला ते बघवेना. मी सही न करताच वर गेले, मॅडमच्या खोलीचं दार वाजवलं आणि आत जाऊन फोन त्यांच्यापुढे धरला.

मॅडमनी फोटो मोठा केला. एकेक ट्रे बघत गेल्या. त्या माश्यांच्याच क्षेत्रातल्या, त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. मी म्हटलं, "चूक माझी आहे. अन्न चांगलं होतं."

"टेबल आवर असं मी म्हणाले होते," त्या म्हणाल्या.

"बाटल्या उभ्या कर असं नव्हतात म्हणाला."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मुदतवाढीच्या अर्जावर माझी सही आहे. तो परत घ्यावा लागेल. नवा अर्ज खऱ्या कारणासह जाईल. काय मिळेल ते सांगता येत नाही."

"हो," मी म्हटलं. रडू येत होतं, पण ते या वेळी मी गिळलं.

दुसऱ्या दिवशी बैठकीत मी उभी राहिले. आठ माणसं, एक लांब टेबल, बिस्किटांच्या बश्या. जो मेल मी दहा मिनिटांत लिहिला होता, तो मागे घ्यायला मला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत, पण ती जन्मभर पुरतील अशी होती. किचनचे अधिकारी म्हणाले की एवढं मनाला लावून घेऊ नका, होतं असं. म्हणजे ज्या चुकीसाठी अक्कांची एकोणीस वर्षं पुसायला निघाले होते, तीच माझी निघाल्यावर 'होतं असं'. माझा राग परत नाकावर आला. मी म्हटलं, "सर, मला होतं असं चालतं, तर त्यांना का चालत नव्हतं? आणि त्यांचं तर झालंही नव्हतं." मॅडमनी एक बिस्किट उचललं आणि म्हणाल्या, पुढचा विषय कंत्राटाचा आहे ना, तो आत्ताच घेऊ.

कंत्राट नवं झालं. पावडरचा विषय 'पुढे बघू' या वहीत गेला. माझी मुदतवाढ सहाची तीन महिन्यांवर आली, तीही मॅडमनी दोनदा जाऊन भांडून आणली तेव्हा.

बैठक संपल्यावर मी खाली गेले. अक्का पातेलं ढवळत होत्या. मी दारातच उभं राहून सगळं सांगितलं. समिती, फोटो, उभ्या बाटल्या, दोन दिवस गप्प बसले ते, बैठक, कंत्राट. त्यांनी ढवळणं थांबवलं नाही, कारण थांबवलं की मक्याचं पीठ बुडाला लागतं.

"झालं बोलून?" त्या म्हणाल्या.

"हो."

"मला ठाऊक होतं."

मला वाटलं, कंत्राटाचं आधीच कुणी येऊन सांगितलं. "कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? तुझ्या बाटल्या धुवायला इथंच आल्या की नाही? अन्न पातळ असलं तर माश्या काचेवरनं उतरतात आणि कडेला अडकतात. तुझ्या सगळ्या मधोमध होत्या, एकीवर एक. वरनं पडल्यासारख्या." त्यांनी झारा पातेल्याच्या काठावर आपटला. "त्या साहेबांना मी तेच सांगितलं, त्यांनी तुझा मेल आणला तेव्हा. बाटल्या उभ्या केल्या असतील बघा, म्हटलं. ते म्हणाले, अक्का, त्या मुली शिकलेल्या आहेत."

त्या बाटल्या मी स्वतः हातात घेतल्या होत्या. चार वर्षं मी या माश्या बघण्याचंच शिक्षण घेत होते, आणि त्या कडेला आहेत की मधोमध, हे मी पाहिलं नव्हतं. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती, बैठकीतसुद्धा नाही.

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू विचारायला आलीस कुठं? भांडायला आलीस. बस म्हटलं तर बसली नाहीस."

अक्कांनी गॅस बारीक केला, झारा माझ्या हातात दिला, "ढवळ, बुडाला लागू देऊ नको," म्हणाल्या आणि कोपऱ्यातल्या फ्रिजकडे गेल्या. खालच्या कप्प्यातली यीस्टची पाकिटं बाजूला केली आणि मागून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी काढलं. पिशवी सोडली. आत एक बाटली होती, कापसाचा बोळा तसाच. काचेवर कन्नडमधली तारीख. एव्हाना मला त्यांचे आकडे वाचता यायचे. फेब्रुवारीतला तो घाणा.

अक्कांनी ती बाटली उलटी करून माझ्यापुढे धरली. सहा आठवड्यांचं अन्न, जरा पिवळं पडलेलं, पण जागचं हललं नाही.

"रोजची घाणा संपला की धुवून टाकतो आपण," त्या म्हणाल्या. "ही ठेवली. कुणीतरी विचारील, अक्का, तुमचा घाणा कसा होता, म्हणून. मग दाखवायची होती. बैठकीलापण पिशवीत घेऊन बसले होते आज इथं. बोलावतील म्हणून. मग परत आत ठेवली."

"कुणी विचारलं?"

"आत्ता तू आलीस तेवढीच."

मी ढवळत राहिले. डोळ्यांतलं पुसायला हात मोकळा नव्हता. अक्कांनी माझ्या हातातून झारा परत घेतला, पीठ बुडाला लागलं नाही ना ते बघितलं आणि ती बाटली माझ्या हातात ठेवली.

"जा, धुऊन टाक ती," त्या म्हणाल्या. "फ्रिजमध्ये उगीच जागा अडलीय."

मोरीशी उभं राहून मी बोळा काढला आणि बाटली नळाखाली धरली. अन्न इतकं घट्ट बसलं होतं की ते निघता निघेना. शेवटी चमच्याच्या दांड्यानं खरवडून काढावं लागलं.